आवडी आणि खाडीतले तीन भोवरे

एक होता राजा, आणि त्या राजाच्या खाडीत होते तीन भोवरे. पण गोष्ट राजाची नाही हं. गोष्ट आहे आवडीची. आवडी म्हणजे धाकू नावाड्याची बायको.

भोवरे कसले? पाण्याचे. गरागरा फिरणारे. आणि ते खायचे काय, तर माणसाची भीती! कुणी किंचाळलं की फुगायचे, कुणी थरथरलं की आणखी फुगायचे. धाकू आपला मजेत गाणी म्हणत जायचा, म्हणून त्याची होडी कधी अडली नाही, बरं का.

एकदा काय झालं, राणीला पहाटेपासून कळा सुरू झाल्या. दुपार झाली, तरी बाळ येईना. पोटात आडवं झालं होतं ना! आडवं बाळ सरळ करावं ते येसूआजी सुइणीनंच, आणि ती राहायची पलीकडच्या तीरावर. राजा अनवाणी धावत धाकूच्या दारी आला. बघतो तर धाकू तापानं फणफणलेला.

"मी जाते," आवडी म्हणाली.

"आवडे, अगं तू एकटी कधी गेली नाहीस!" धाकू अंथरुणातून म्हणाला.

"नाही गेले. पण अडलेल्या बाईला थांब कसं म्हणू?"

मग निघाली. छाती नुसती धडधडतेय. पहिला भोवरा दिसला आणि आवडी जी किंचाळली! भोवरा झाला विहिरीएवढा. त्यानं एक वल्हं ओढलं आणि गटकन गिळलं. आवडी कशीबशी कडेनं निसटली.

मग आला दुसरा. आता आवडीला देव आठवला. "सातेरी आई, पाच नारळ देईन! नको, अकरा देईन! खण देईन, ओटी भरीन, पण लवकर कर गं, लवकर!" तोंडानं देवी आणि डोळे भोवऱ्यावर. भोवरा झाला तळ्याएवढा! होडी सात वेळा गरगर फिरली, खडकावर आपटली आणि बाहेर फेकली गेली. आत घोटाभर पाणी.

आणि मग तिसरा. सगळ्यांत थोरला. "ये," तो म्हणाला, "केव्हाची वाट बघतोय."

आवडीचे हात इतके कापत होते की उरलेलं वल्हंही धरवेना. तिनं ते मांडीवर ठेवलं. होडीतल्या पाण्यातच बसली आणि हात जोडले. आता नारळ नाही, खण नाही. ती म्हणाली, "आई, मला फार भीती वाटतेय. तू जवळ बस."

एवढंच. मग पुन्हा तेच म्हणाली, जरा हळू. मग आणखी हळू. श्वास संथ झाला. भीती गेली का? नाही रे बाळांनो, गेली नाही. भिजलेल्या मांजरीसारखी अंग चोरून कोपऱ्यात बसली. पण हात थांबले.

भोवरा चिडला. "काय पुटपुटतेस? माझ्याशी बोल!"

"तुझ्याशी नाही बोलत मी," आवडी म्हणाली. "आईशी बोलतेय."

काय सांगू तुम्हांला! भोवरा परातीएवढा झाला. मग ताटलीएवढा. मग वाटीएवढा. आणि बुडुक! गेला. आवडीनं वल्हं उचललं आणि एका वल्ह्यानं तीर गाठला.

येसूआजीला घेऊन ती लगेच परतली. वाटेत उरलेले दोन भोवरे गुरगुरले, पण आवडी तेच शब्द म्हणत, पाणी बघत, सावकाश वल्हवत राहिली. उपाशीपोटी ते तरी किती गुरगुरणार?

दिवेलागणीच्या आत महालातून बाळाचं रडणं ऐकू आलं. राणी सुखरूप, बाळ सुखरूप. मुलगी झाली, टपोऱ्या डोळ्यांची!

राजा पायरीवर आला. "बाई, कोणता मंत्र म्हणालीस? सोन्याच्या पत्र्यावर कोरून घेतो."

"मंत्र कुठला, महाराज? भीती वाटली, म्हणून आईला सांगितलं."

मग एवढा मोठा राजा, पण तिथंच पायरीवर बसला आणि हळूच म्हणाला, "मलाही आज फार भीती वाटली होती."

"मग सांगा की तिला," आवडी म्हणाली. "ऐकते ती."

राजानं डोळे मिटले, हात जोडले. कितीतरी वेळ बसला होता तसाच. उठला तेव्हा चेहरा कसा निवला होता!

पुढं धाकूचा ताप उतरला, राजकन्या रांगायला लागली, आणि खाडीकाठची माणसं सुखानं नांदली. चला, पाय पोटाशी घ्या, पांघरूण ओढा. कुणाला काही सांगायचं असेल, तर मनातल्या मनात सांगा. आणि झोपा.