सीलबंद प्लग

पेट्रोलच्या मोटारसायकली अजून रस्त्यांवर धडधडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. इंजिन पेटवणारा एक स्पार्क प्लग चाळीस वर्षं आपल्या सीलबंद खोक्यातच होता. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा रिवाजच तसा होता. खोका न उघडलेला असला की भाव जास्त. म्हणून तो हातोहात विकला जाई, पण कुणी उघडत नसे.

"खोकेदादा, एकदा तरी ठिणगी पाडू दे ना!" प्लग विनवायचा.

"वेडा आहेस का? मी फाटलो की तुला कुत्रं विचारणार नाही."

एके दिवशी मिरजेच्या जमीला मिस्त्रींनी तो विकत घेतला आणि तिथेच खोक्याला हात घातला.

"अहो ताई, फाडताय काय? किंमत जाईल!" विकणारा ओरडला.

"जाऊ दे की. माझी गाडी दारात बंद पडलीय!"

खोका टर्रकन फाटला. प्लग इंजिनात बसला. पहिली किक वाया गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या किकेला ठिणगी पडली आणि गाडी धडधडू लागली.

जमिनीवर पडलेल्या खोक्याने सुस्कारा सोडला. "पेटलास रे बाबा! तू पेटला नाहीस तर काय, याच भीतीने मी इतकी वर्षं घट्ट मिटून होतो."