एक अर्ज वजा

गणित अध्यापक संघाची निवडणूक बिनविरोधच होते आणि ती का, असं विचारायचं नसतं, हे केतकी वाघचौरेला नोकरीच्या पहिल्याच वर्षी बजावून सांगितलं होतं. तरी तिने अध्यक्षपदाचा अर्ज भरला. संघाच्या विद्यार्थी परीक्षेची उत्तरसूची सलग तीन वर्षं चुकली होती, बरोबर सोडवणाऱ्या पोरांचेच गुण गेले होते, आणि ती सूची करणारे रावेरकर सर सोळा वर्षं खुर्ची अडवून बसले होते.

माघारीच्या दिवशी कार्यकारिणीने तिला बोलावून घेतलं. टेबलावर सरांसाठी हार तयारच होता.

"मॅडम, उत्साह चांगलाय," रावेरकर सर म्हणाले, "पण मतदान झालं की गट पडतात. पुढच्या वर्षी तुम्हाला महिला प्रतिनिधी करू."

"परंपरा फक्त बिनविरोधाची ना सर? आणखी काही अट?"

"एवढीच. चाळीस वर्षं पाळलीय. आता तुम्हीच गणित मांडा. खुर्ची एक, अर्ज दोन. बिनविरोध व्हायला काय करायचं?"

"एक अर्ज वजा करायचा."

सगळे खूश होऊन हसले. सचिवांनी माघारीचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. केतकीने तो शांतपणे वाचला आणि पेनासकट सरांसमोर ठेवला.

"दोघांतला कुठलाही वजा केला तरी उत्तर तेच येतं, सर. परंपरेची काळजी तुम्हाला आहे, तर सही तुम्ही करा. मी माझा अर्ज मागे घेत नाही."

सरांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी हाराकडे.