कल्हईखाली गेलेली राजमुद्रा

फार पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठी वसलेल्या पोतन नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका तांबटाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव श्रीवत्स. पितळेची भांडी घडवावी, त्यांना आतून कल्हई करून द्यावी आणि कामापुरते बोलावे, अशी त्याची रीत होती.

त्याच नगराच्या पूर्ववेशीपाशी मघा नावाची गौळण दही विकायला बसत असे. तिचा नवरा पुरात गेला होता. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे आणि गोठ्यात तीन गाई, एवढाच तिचा संसार. दही ती मातीच्या गाडग्यात विरजी. माती दह्यातले पाणी पिऊन घेते, म्हणून तिचे दही सुरीने कापावे असे घट्ट लागे. विकायला बसली की पहिला घास ती सगळ्यांदेखत स्वतःच्या तोंडात घाली आणि म्हणे, "आधी माझ्या जिभेला, मग तुमच्या वाटीला."

एका वर्षी सुगीच्या जत्रेत कोणीतरी विकलेली शिळी मिठाई खाऊन चाळीस माणसे आजारी पडली आणि दोन दगावली. विकणारा पसार झाला. तो कोण, कुठला, हे कोणालाच कळले नाही. राजा मनाने कोवळा होता. दोन दिवस त्याला अन्न गेले नाही. दुधाने तोंड भाजले की माणूस ताकही फुंकून पितो. राजाचेही तसेच झाले, पण फुंकायचे काम त्याने पुष्कर नावाच्या मंत्र्यावर सोपवले.

आठवडाभरात नगरात दवंडी फिरली.

"ऐका हो ऐका! घरी रांधलेलं, घुसळलेलं, शेतावरून आणून घरी केलेलं कोणतंही खाणं विकायचं तर ते राजमुद्रेच्या पितळी पातेल्यातूनच विकावं! मातीचं भांडं दिसलं तर फोडलं जाईल! मुद्रा बाहेर काजळीनं झाकली जाते, म्हणून ती आत, तळाशी ठोकली आहे. जो ती घासून काढील, झाकील किंवा बुजवील, त्याला नदीपार हाकललं जाईल हो!"

ही पातेली एकाच भांडारात मिळत, आणि ते भांडार पुष्कराच्या मेहुण्याकडे होते. एका पातेल्याला एक दुभती गाय असा मोबदला ठरला. "चोर सोडून संन्याशाला फाशी," असे लोक पारावर बसून म्हणाले, आणि घरी जाऊन आपापल्या गाईच्या गळ्यातली घंटा सोडू लागले.

मघाचे सासरे पडल्या पडल्या म्हणाले, "मघे, गाय दे, पण वेशीतली जागा सोडू नकोस. जागा गेली की माणूस पुसला जातो."

मघाने कपिला नावाची गाय भांडारात बांधली आणि पातेले आणायला ती श्रीवत्स तांबटाच्या कारखान्यात गेली. भांडाराची पातेली तिथेच घडत आणि गाय जमा केलेल्यांना तिथूनच मिळत. बोधिसत्त्वाने पातेले तिच्या हाती दिले, पण हात मागे घेतला नाही.

"ताई, यात दूध तापवा, पाणी ठेवा. दही लावू नका."

मघाला हसू आले. "दादा, मी गौळण. दही लावू नको, तर विकू काय? पाणी?"

"याला आतून कल्हई नाही. कल्हई केली तर कथील मुद्रेच्या रेघांत भरतं आणि मुद्रा बुजते. म्हणून मनाई आहे. आणि कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, विषासारखा होतो."

"हे तुम्हाला ठाऊक आहे, मग मंत्र्यांना कोणी सांगितलं नाही?"

"मी सांगितलं. ते म्हणाले, तू पातेली घडव, दह्यात तोंड घालू नकोस."

"मग?"

बोधिसत्त्वाने खाली पाहिले. "मग मी घडवत राहिलो. हजार पातेल्यांचं काम आहे. शंभर झाली. सांगून झालं, आपलं कर्तव्य सरलं, असं वाटलं."

मघाला राग आला. गाय दिल्यामुळे आधीच तिचा जीव कढत होता. "दादा, पाळण्याजवळ साप दिसला तर तुम्ही एकदाच हाक मारता, आणि कोणी आलं नाही की आपल्या कामाला लागता?"

बोधिसत्त्वाने हातातला हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला. त्या दिवसापासून त्या कारखान्यात राजमुद्रेचे पातेले घडले नाही. मेहुण्याची माणसे दोनदा येऊन गेली, दुप्पट मजुरी बोलून गेली, धमकावून गेली. "माझा हात चालत नाही," एवढेच उत्तर त्यांना मिळाले.

इकडे मघाने मन घट्ट करून एकदाच त्या पातेल्यात दही लावून पाहिले. सकाळी झाकण काढले तर कडेला हिरवट झाक. बोटावर घेऊन चाखले तर जिभेला तांब्याची चव, आणि घशाखाली उतरेना. तिने ते सगळे दही खड्ड्यात ओतले, वर माती लोटली आणि त्या दिवशी चूल पेटवली नाही.

पण सगळ्यांनाच ओतून देणे परवडत नाही. पश्चिमवेशीपाशी उत्तरा नावाची म्हातारी ताक विकत असे. तिला चव कळेनाशी झाली होती. तिच्या राजमुद्रेच्या पातेल्यातले ताक पिऊन अकरा मुले ओकू लागली. वैद्याने रात्रंदिवस खपून ती वाचवली, म्हणून बरे.

पुष्कर राजाला म्हणाला, "महाराज, पातेलं आपलं, मुद्रा आपली. मग दोष कोणाचा? हातांचा. या बायकांचे हातच अस्वच्छ आहेत. घरचं खाणं विकायला मुळातच परवानगी नको. पौर्णिमेपासून सगळं रांधणं एकाच राजकीय भटारखान्यात होऊ दे."

तो भटारखाना कोणाच्या मेहुण्याचा असणार होता, हे सांगायला नकोच. म्हाताऱ्या उत्तरेला कोठडीत टाकले. पौर्णिमेला तिला नदीपार सोडायचे ठरले.

मघाने हे ऐकले तेव्हा ती गोठ्यात शेण काढत होती. पाटी तिथेच ठेवून ती कुंभाराकडे गेली आणि दोन कोरी गाडगी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती पूर्ववेशीत, आपल्या रोजच्या जागी, मातीच्या गाडग्यात दही घेऊन उघड उघड बसली.

द्वारपाल धावत आला. "बाई, वेड लागलं का? हे फोडावं लागेल मला."

"फोड की."

"माझा इलाज नाही, मघाताई."

"तुझा कसला इलाज! सकाळी दहीभात खाऊनच आला असशील. कोणाच्या गाडग्यातलं होतं ते दही? तुझ्या बायकोनं काल माझ्या मागच्या दारानं नेलं, ते मला माहीत नाही का?"

द्वारपालाने दुसरीकडे बघत काठी मारली. दही धुळीत पसरले. मघा उठली, खापऱ्या पदरात गोळा केल्या आणि म्हणाली, "उद्या चार आणते."

दुसऱ्या दिवशी तिने चार आणली. चारही फुटली. त्या संध्याकाळी ती पुन्हा गाडगी घ्यायला गेली, तर कुंभाराने मोबदला घ्यायचे नाकारले आणि आठ गाडगी तिच्या डोक्यावर चढवून दिली. तिसऱ्या दिवशी त्यांत लावलेले दही घेऊन ती वेशीत पोहोचली, तेव्हा तिच्या जागेशेजारी एक माणूस जमिनीत खड्डा करून कोळसे पेटवीत होता. जवळ चामड्याचा भाता, कथिलाच्या कांड्या आणि नवसागराची पुडी.

"दादा, हे काय?"

"कल्हई करायला बसलोय," बोधिसत्त्व म्हणाला. "तुमचं पातेलं आणा."

"मुद्रा बुजेल."

"बुजायलाच हवी."

"नदीपार घालवतील तुम्हाला."

"नदीपारही लोक दही खातात, ताई."

मघा घरी जाऊन पातेले घेऊन आली. त्याने ते निखाऱ्यांवर तापवले, नवसागर भुरभुरला. पांढरा धूर उसळला, जमलेली माणसे खोकत मागे सरली. कथिलाची कांडी त्याने तळाशी टेकवली, कापसाचा बोळा फिरवला. बघता बघता राजाचा सिंह, त्याची आयाळ, खालची अक्षरे, सगळे चांदीसारख्या उजळ पाण्याखाली गेले. तळ कोरा, लखलखीत.

गर्दीत मागून एका तेलिणीचा आवाज आला, "माझंही करून द्या. चिंचेचं सार विकते मी."

दुपारपर्यंत तीस पातेली झाली. गाई देऊन बसलेल्या बायका पदराखाली पातेली झाकून येत होत्या आणि जाताना डोक्यावर उघडी मिरवत होत्या. द्वारपालाच्या बायकोनेही रांग धरली. तो बिचारा वेशीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन पाखरे मोजत उभा राहिला.

दिवस कलायच्या आत पुष्कर स्वतः आला आणि दोघांना धरून राजासमोर उभे केले.

"महाराज, या तांबटानं आपल्या मुद्रेवर कथील ओतलं. हा राजद्रोह आहे. आणि ही बाई तीन दिवस आज्ञा मोडते आहे."

राजा बोधिसत्त्वाला म्हणाला, "खरं आहे का?"

"खरं आहे, महाराज. तीस मुद्रा बुजवल्या. सोडलंत तर उरलेल्या सत्तरही बुजवीन."

सभा हादरली. राजाचा चेहरा लाल झाला. "माझ्या प्रजेचं रक्षण करणारी मुद्रा ती!"

"मुद्रा अन्न राखत नाही, महाराज. कल्हई राखते. ती म्हातारी उत्तरा निर्दोष आहे. मुलं तिच्या हातांनी आजारी पडली नाहीत, माझ्या पातेल्यानं पडली."

"शब्दांवर कसा विश्वास ठेवू?"

मघा पुढे आली. "महाराज, बायकांचे हात अस्वच्छ असं मंत्री म्हणतात ना? मग हात तुमचेच लावा. दूध राजवाड्यातल्या गाईंचं, विरजण राणीसाहेबांच्या मुदपाकखान्यातलं. एक गाडगं, एक कल्हईचं पातेलं, एक मुद्रेचं. तिन्हींत दही तुम्ही लावा आणि खोलीला कुलूप तुमचं घाला. उद्या सकाळी काय ते दिसेल."

राजाने बाह्या मागे सारल्या. दूध आले. राजाने विरजणाची वाटी उचलली आणि ती सगळी ओतायला निघाला.

"अहो, अहो!" मघा ओरडली, आणि आपण कोणाला ओरडलो हे ध्यानात येऊन तिने जीभ चावली. "एवढं नाही, महाराज. बोटाच्या पेरावर राहील एवढंच. आणि दुधात आधी बोट घालून बघा. दहा अंक म्हणेपर्यंत सोसलं पाहिजे."

राजाने बोट घातले, मनात दहा अंक म्हटले आणि तिन्ही भांड्यांत पेरभर विरजण लावले. आयुष्यात प्रथमच त्याने काही रांधले होते. कुलूप घालून किल्ली त्याने स्वतःच्या कमरेला खोचली.

सकाळी भरल्या सभेत तिन्ही भांडी उघडली. गाडग्यातले दही घट्ट, पांढरेशुभ्र. कल्हईच्या पातेल्यातलेही तसेच, थोडे पातळ. मुद्रेच्या पातेल्यातल्या दह्याच्या कडेला हिरवी रेघ उमटली होती.

मघाने गाडग्यातले आणि कल्हईच्या पातेल्यातले दही वाटीत घेऊन सगळ्यांसमोर खाल्ले. मग तिसरी वाटी भरून ती पुष्करापुढे धरली. "आर्य, ही मुद्रेची. तुम्ही घ्यावी."

पुष्कराने ओठ पुसले. "आज माझा उपवास आहे."

"उपवासाला दही चालतं, आर्य."

सभेत मागून पुढपर्यंत हशा पिकला. राजा हसला नाही. त्याने ती वाटी मघाच्या हातून घेतली आणि तोंडाकडे नेली. बोधिसत्त्वाने पुढे होऊन त्याचा हात धरला. राजाचा हात धरणाऱ्याला तिथे देहदंड होता.

"नको, महाराज. पाहिलंत तेवढं पुरे."

"हे माझ्या हातचं आहे," राजा हळूच म्हणाला. "माझ्या हातचं खाऊन माझी लेकरं मेली असती." मग पुष्कराकडे वळून त्याने विचारले, "तुला तांबटानं आधी सांगितलं होतं?"

पुष्कर खाली बघत राहिला.

"याला नदीपार घाला," सभेतून आवाज उठले.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, मग आधी मला घाला. यांना दह्यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. कळत असून मी शंभर पातेली घडवली. या ताईंनी मला साप आणि पाळणा यांची गोष्ट सांगितली नसती, तर हजारही घडवली असती. मंत्र्यांना हाकलून एकही पातेलं सुरक्षित होणार नाही. सत्तर पातेल्यांची कल्हई राहिली आहे आणि भाता ओढायला मला माणूस हवा आहे."

तसेच झाले. सत्तर पातेली उजळेपर्यंत पुष्कर मंत्री वेशीत बसून भाता ओढत होता, आणि जाणारी-येणारी तेलीण, "जरा जोरात ओढा हो, मंत्रीदादा," म्हणून जात होती. उत्तरा त्याच दिवशी सुटली. राजाने नवी दवंडी पिटवली: ज्याला घरचे, शेतावरचे खाणे विकायचे असेल, त्याने आपले नाव सांगून, आपले तोंड दाखवून, आधी स्वतः खाऊन खुशाल विकावे. भांडे मातीचे असो वा कल्हईचे. अन्न नासके निघाले तर दोष विकणाऱ्याचा. राजाच्या नियमाने नासले तर दोष राजाचा.

ज्यांच्या गाई गेल्या त्यांना गाई मिळाल्या. मघाची कपिला मात्र मेहुण्याने कधीच परगावी विकली होती. तिला बदली दिलेली गाय महिनाभर लाथा मारत होती. मघा तिला रोज गूळ चारी आणि रोज एक लाथ खाई. वेशीतली जागा मात्र तिचीच राहिली. राजाने बोधिसत्त्वाला भांडाराचा अधिकारी होण्याची विनंती केली. त्याने हात जोडून नकार दिला आणि तो आपल्या ऐरणीकडे परतला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रसेन राजा म्हणजे आताचा आनंद. पुष्कर मंत्री म्हणजे देवदत्त. म्हातारी उत्तरा म्हणजे त्या कोपऱ्यात बसलेली, ऐकू कमी येणारी थेरी, आपली वृद्ध भिक्षुणी. मघा म्हणजे काल विहाराच्या दारात तुम्ही अडवलेली उपासिका, जी तुमचा नियम चुकीचा आहे असं तोंडावर सांगून, भिक्षा वाढूनच परत गेली. आणि जाणूनबुजून शंभर पातेली घडवणारा, पण एकशे एकावे घडवायला ज्याचा हात चालला नाही, तो तांबट मीच होतो. त्या जन्मी मी अधिष्ठान पारमिता, म्हणजे अढळ निश्चयाची साधना, आचरली."