डोंगराच्या पोटातले दोन दिवे

पूर्वी गोवर्धिनी नगरीवर सुषेण राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने पश्चिमेच्या कोरड्या मुलखात, भुयारे खणणाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला होता.

त्या वर्षी नगरीची तळी आटली. डोंगरापलीकडे नदी भरून वाहत होती आणि अलीकडे माणसे चिखल फडक्यात घेऊन पिळीत होती. काय म्हणावे याला! राजाने बोधिसत्त्वाला साथीदारांसह बोलावून घेतले आणि डोंगर फोडून पाणी आणायला सांगितले.

या परदेशी लोकांची एक रीत होती. भुयाराच्या छताला ते एकामागे एक दोन दिवे टांगत. खणणारा मागे वळून पाही. जवळच्या दिव्याआड लांबचा दिवा लपला, की समजायचे, वाट सरळ चालली आहे. बस, इतकेच! पण या युक्तीवर त्यांच्या कुळाचे पोट होते. म्हणून दिवे टांगताना पडदा ओढला जाई आणि दगडमातीच्या पाट्या वाहणाऱ्या गावच्या पाथरवटांना बाहेर काढले जाई. ही विद्या परक्याला देणाऱ्याने पुन्हा घराचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी कुळाची शपथ होती.

काम रखडत चालले. नगरीतली लहान मुले आजारी पडू लागली. बोधिसत्त्वाला कळून चुकले, की एकाच बाजूने खणत राहिलो तर पाणी येईल, पण प्यायला कोणी उरणार नाही. पाथरवटांनी दुसऱ्या बाजूने खणले तरच निभाव लागणार होता. त्याने पडदा ओढून काढला आणि त्यांना आत बोलावले.

त्याचा चुलत भाऊ वर्दान संतापला. "डोकं ठिकाणावर आहे ना, दादा? उद्या आपल्याला कोण बोलावील? आणि तू घरी कुठल्या तोंडाने जाशील?"

"नाही जाता येणार," बोधिसत्त्व म्हणाला. आईचे घर कोणाला नको असते? "पण ही माणसं तहानेने तडफडत असताना मी पडदा धरून उभा राहू?"

पाथरवटांचा प्रमुख कण्हक याने दिव्याआड दिवा लपलेला पाहिला आणि बोधिसत्त्वाचे पाय धरले. "आचार्य, चूक आमचीही आहे. इथला पिवळा मुरूम ओल लागली की फुगतो आणि छत खाली येतं. सागाचे टेकू लावल्याशिवाय आम्ही आत पाऊल टाकत नाही. तुम्ही तसंच खणत होता, आणि आम्ही मनात म्हणायचो, या पडद्याआडच्या शहाण्यांना आपण कशाला सांगा!"

बोधिसत्त्वाने त्याला उठवून जवळ घेतले. मग डोंगरावरून काठ्या रोवून दोन्ही बाजूंची दिशा एक केली गेली. कण्हकाची माणसे दिवे टांगून पलीकडून निघाली. इकडे टेकू आले, पण वर्दानने ते बाजूला सारले. त्याच्या कोरड्या देशात टेकू कधी लागलेच नव्हते, मग इथे कशाला लागतील! तो तसाच पुढे खणत गेला. त्याला परत आणायला बोधिसत्त्व आत धावला, आणि दोघांच्या पाठीमागे छत कोसळले.

दिवे विझले. अंधारात वर्दान ओक्साबोक्शी रडू लागला. "मेलो, दादा! तुझे ते पाथरवट कालचे शिकलेले. ते कसले इथवर पोचतात!"

बोधिसत्त्वाने कान खडकाला लावला. फार वेळ काहीच नव्हते. मग अगदी बारीक, टक्... टक्... आवाज ना डावीकडून येत होता, ना उजवीकडून. तो नेमका समोरून येत होता!

शेवटी खडकाला भोक पडले आणि उजेडाची एक रेघ आत आली. वर्दानने डोळा लावला. पलीकडे लांबवर एकच दिवा दिसत होता. त्याने मान जराशी कलती केली, तेव्हा त्या दिव्याआडून दुसरा दिवा बाहेर आला. एवढा थोरला डोंगर, आणि माणसे एकमेकांसमोर येऊन उभी! त्याने लपवायला सांगितलेली विद्याच त्याला न्यायला आली होती. त्याने आपसूक हात जोडले.

बाहेर आल्यावर त्याने आधी पाणीही मागितले नाही. कण्हकाचा हात धरून तो म्हणाला, "टेकू कसा लावायचा, मला शिकव."

पुढे दोन्हीकडच्या माणसांनी मिळून ढिगारा काढला, टेकू दिले, आणि नदी डोंगराच्या पोटातून नगरीत आली. लोक रडत होते, हसत होते. वर्दान मायदेशी गेला. शपथ मात्र शपथच राहिली, आणि बोधिसत्त्वाला आईचे तोंड पुन्हा दिसले नाही.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते समोर बसलेल्या भिक्खूंना म्हणाले, "भिक्खूंनो, दूर देशाहून आलेल्या सोबत्यांना काही न शिकवता त्यांच्या चुकांना हसणारा तो मागे बसलेला भिक्खू, तो तेव्हा वर्दान होता. त्याने मान खाली घालू नये. तो तेव्हाही शिकला होता. कण्हक म्हणजे हा आनंद. आणि घराला मुकलेला तो भुयार खणणारा मीच. ज्याच्यावर आपले पोट आहे तेच दुसऱ्याच्या हातात देणे, याला दान म्हणतात."

मागे बसलेला भिक्खू उठला आणि नव्या सोबत्यांच्या शेजारी जाऊन बसला.