न कुजणारी माती

"ती गाय सकाळपासून का हंबरतेय रे?"

मोहनपुरी महाराजांनी अंथरुणातूनच विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

शिष्य उद्धवपुरी चूल फुंकत होता. तो जरा घुटमळला.

"वासरासाठी, महाराज."

"कुठल्या वासरासाठी? तिचं वासरू तर गोठ्यात आहे."

"हे नाही. ते... तीन वर्षांपूर्वी नदीकाठच्या दलदलीत रुतून गेलं होतं ना, ते. काल सापडलं."

महाराजांनी डोळे उघडले.

"जसंच्या तसं, महाराज!" उद्धवपुरीचा आवाज एकदम चढला. "केस न् केस शाबूत. पापण्यासुद्धा. आत्ता निजलंय असं वाटावं!"

"आणि सापडलं कसं?"

"खणताना."

"काय खणत होतास?"

उद्धवपुरी पुन्हा चुलीकडे वळला. फुंकायचं काही उरलं नव्हतं, तरी फुंकत राहिला.

"तुमची जागा..." तो म्हणाला.

आता मरायला टेकलेल्या माणसाला हे असं सांगायचं का, असं कोणालाही वाटेल. पण त्यात वावगं काही नव्हतं. गोसाव्याला जाळत नाहीत, बसवून पुरतात. आणि हिमालयातल्या त्या खोऱ्यात एकदा थंडी धरली की जमिनीत पहार शिरत नाही. म्हणून जो हिवाळा काढणार नाही असं दिसतं, त्याचा खड्डा दिवाळीच्या आतच खणून ठेवायचा, अशी तिथली रीत. महाराजांनी स्वतःच तसं सांगून ठेवलं होतं. फक्त त्यांनी सांगितलेली जागा वेगळी होती.

"मी तुला वर खणायला सांगितलं होतं. बटाट्याच्या वाफ्याशेजारी."

"तिथं नको, महाराज."

"का नको?"

"तिथं तुम्ही उरणार नाही."

 बाहेर गाय हंबरली.

उद्धवपुरी जवळ येऊन बसला. त्याने सगळा विचार केलेला होता. त्याचं तेच होतं, एखादी गोष्ट मनावर घेतली की तिच्या मुळाशी जायचं.

"नदीकाठची जमीन वेगळीच आहे, महाराज. उतार म्हणून नाही. पुराचं, बर्फाचं, जे पाणी येतं ते तिथंच बसतं. कमरेएवढं खणलं की गोठलेला थर लागतो, तो भर उन्हाळ्यातही सुटत नाही. मग पाणी खाली जाणार कुठून? सगळं गच्च भरलेलं. आत वारा नाही, ऊब नाही. गवत मरतं, पण त्याची माती होत नाही. तसंच पडून राहतं. त्यावर पुराचा गाळ, गाळावर पुन्हा गवत..."

"आणि त्यात मी."

"हो."

"म्हणजे मला लोणच्यासारखा घालून ठेवतोस म्हण की."

"महाराज, थट्टा नको."

"थट्टा कसली? लोणचंसुद्धा मुरतं रे. तुझ्या त्या मातीत तेही व्हायचं नाही."

उद्धवपुरीने त्यांचे पाय धरले. हाडं नुसती.

"मला भीती वाटते, महाराज. तुम्ही गेलात की मी काय करू? कोणाचं तोंड बघू? निदान एवढं तरी ठाऊक असू दे, की तिथं खाली तुम्ही आहात. जसेच्या तसे. तुमचा एकेक शब्द मी तसाच ठेवलाय की नाही? मग देह का नको?"

हे मात्र खरं होतं. महाराजांनी कधी कोणाला काय सांगितलं, ते उद्धवपुरीला सगळं पाठ. ऋतू कुठला होता, महाराज बसले कुठं होते, मध्ये खोकले असतील तर तेही. एखाद्याने महाराजांचं वाक्य सांगताना एक शब्द इकडचा तिकडे केला, की हा भर सभेत त्याला थांबवायचा. याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान तो लपवतही नसे.

महाराजांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली.

"उचल मला," ते म्हणाले. "माझं घर बघू दे."

"बाहेर वारा आहे."

"खाली वारा नसतो म्हणालास ना? चल."

*

त्याने महाराजांना पाठुंगळी घेतलं आणि पायवाट उतरायला लागला. ओझं असं काही नव्हतंच, घोंगडीच काय ती जड.

नदीकाठी सगळं करडं होतं. गवताचे उंचवटे, मधेमधे काळं पाणी. विलोची झाडं किती जुनी होती कोण जाणे, पण गुडघ्याच्या वर एकही गेलेलं नव्हतं. खोऱ्यातली माणसं तिथं कधी काही पेरत नाहीत. गुरं तेवढी चरतात, तीही जपून.

खड्ड्याच्या काठावर वासरू ठेवलेलं होतं. तांबूस, ओलं. गाय त्याला चाटत होती. चाटायची, मान वर करून हंबरायची, पुन्हा चाटायची.

शेजारी अंगमो उभी होती. खालच्या वस्तीतली बाई, गाय तिची. हातात दोर, पण ओढायचं बळ राहिलेलं दिसत नव्हतं.

"बाबा, ही विसरली होती," ती म्हणाली. "खरंच विसरली होती. मग दुसरं झालं, त्याला पाजत होती. आता त्याला जवळ येऊ देत नाही. सकाळपासून दूध नाही. हे असं उकरून का काढलं?"

ती महाराजांशी बोलत होती. उद्धवपुरीकडे तिने बघितलंही नाही.

महाराजांना उंचवट्यावर बसवलं. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"अंगमो, तू मठात यायची बंद झालीस."

ती दोराला पीळ घालत राहिली.

"उद्धवा, ही का येत नाही?"

"हिचा नवरा गेला गेल्या हिवाळ्यात. तेव्हा रडत आली होती. तुम्ही तापात होता. मी तुमचेच शब्द सांगितले हिला."

"कुठले?"

उद्धवपुरी सरळ उभा राहिला. महाराजांचं वाक्य सांगताना तो नेहमी तसा उभा राहायचा.

"'गेलं ते तुझं नव्हतंच. नसलेल्यासाठी रडतेस कशाला?'"

वारा आला. काळ्या पाण्यावर शिरशिरी उठली.

"हे मी कोणाला म्हटलं होतं?"

"तो रस्त्याचा कंत्राटदार आला होता, महाराज. ज्याचं टेंडर गेलं होतं. वैशाखात. तुम्ही ओट्यावर बसला होता."

महाराजांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं... उद्धवपुरीला वाटलं, ते हसताहेत. हात काढले तेव्हा डोळे भरलेले होते.

"बाई," ते अंगमोला म्हणाले, "मला यायला हवं होतं तुझ्याकडे. पाय चालले नाहीत माझे. तुझा नवरा भला माणूस होता. दर हिवाळ्यात मठाच्या छपरावरचं बर्फ तोच काढायचा. त्याला फार हसू यायचं, मी खालून ओरडलो की."

अंगमो तिथंच मटकन बसली आणि मोठ्याने रडायला लागली. गाय क्षणभर थांबून तिच्याकडे बघत राहिली.

उद्धवपुरीला हे काही नीट वाटलं नाही. यात उपदेश कुठं होता?

*

"आता खड्डा दाखव."

खड्डा नीट खणलेला होता. कडा सरळ, तळ चौकोनी. हाताला फोड आले असणार. वर न कुजलेल्या मुळांचा काळा लगदा. त्याखाली निळसर करडी चिकणमाती, आणि तिच्यात मुळांच्या वाटेने गंजाचे तांबडे डाग. मधेच गाळाची रेघ, मग मेलेलं गवत, मग पुन्हा गाळ. सडक्या अंड्याचा वास येत होता. तळाशी पाणी जमलं होतं.

"मी उपसलं होतं सगळं," उद्धवपुरी घाईने म्हणाला. "पुन्हा झिरपलं."

महाराज काठावरून वाकले. गवताच्या एका थरात बोट घालून त्यांनी काहीतरी उचकटलं. विलोचं पान होतं. शिरा न् शिरा दिसत होत्या.

"हे कुठल्या पुराचं?"

"कोणास ठाऊक. वर एवढे थर आहेत म्हणजे... आपण दोघंही जन्मलो नसू तेव्हाचं."

"आणि अजून पानच आहे."

"हो ना, महाराज!" उद्धवपुरीचा चेहरा फुलला. "तेच तर मी म्हणतोय!"

महाराजांनी पान तळहातावर ठेवलं. एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तसं बघत राहिले.

"बिचारं," ते म्हणाले.

मग त्यांनी घोंगडी बाजूला सारली, काठावर बसले आणि दोन्ही पाय खड्ड्यातल्या पाण्यात सोडले.

"महाराज!"

"माप घेतोय. बसायचंय मला इथं."

"अहो, पाणी बर्फासारखं आहे! काढा पाय!"

"थांब जरा."

"काढा म्हणतो ना!"

महाराज हलले नाहीत. ओठ हळूहळू काळे पडत होते. उद्धवपुरीने त्यांच्या काखेत हात घातले, पण त्यांनी खड्ड्याची कड धरून ठेवली होती. कुठून आलं होतं ते बळ, देव जाणे.

"उद्धवा, किती वेळ झाला रे?"

"आत्ता बसलात. पण..."

"एवढ्यातच कळवळलास? तू मला कायमचं बसवणार होतास इथं."

"तेव्हा तुम्ही... तेव्हा तुम्हाला कळणार नाही."

"मला नाही कळणार." महाराजांनी मान वळवून गायीकडे बघितलं. "तिला कळतंय."

गाय वासराचं तोंड चाटत होती. वासराचे डोळे अर्धे उघडे होते.

उद्धवपुरी बघत राहिला. काल वासरू सापडलं तेव्हा तो आनंदाने ओरडला होता. आता त्याला ते बघवेना. त्याने महाराजांचे पाय पाण्यातून ओढून काढले आणि मांडीवर घेऊन चोळू लागला. चिकणमातीचा जो निळा रंग होता, तोच पायांवर चढलेला. चोळता चोळता तो रडायला लागला.

"मला जमणार नाही, महाराज. वर वाफ्यात घातलं की दोन-चार उन्हाळ्यांत तुमचं काही राहणार नाही. मी कसं सोसू ते?"

 पायांत जरा ऊब आल्यावर महाराज म्हणाले,

"आधी ते वासरू घे. वाफ्याशेजारी पूर. खोल नको फार. वर शेणखत टाक. आणि अंगमो, गाय घेऊन जा तू. दोन दिवस हंबरेल, मग पाजेल धाकट्याला."

अंगमोने डोळे पुसले आणि दोर ओढला. गाय चार पावलं गेली, थांबली, वळली. पुन्हा ओढावं लागलं. बराच वेळ तिचं हंबरणं लांबून येत राहिलं.

*

उद्धवपुरीने आधी वासरू वर नेलं, पुरलं, मग महाराजांना न्यायला परत आला. ते तिथंच घोंगडीत बसले होते, हातात ते पान. खड्ड्यातलं पाणी वीतभर चढलं होतं.

पाठुंगळी घेऊन तो चढण चढू लागला. महाराजांची हनुवटी त्याच्या खांद्यावर होती. श्वास लागला होता, आणि मधूनच थांबायचा. तो थांबला की उद्धवपुरीही थांबायचा.

वाफ्याशी पोचल्यावर महाराज म्हणाले, "इथं टेकव."

तिथली माती काळी होती, हाताला भुसभुशीत. वर्षानुवर्षांचं शेण, राख, पालापाचोळा, सगळं कुजून एक झालेलं. आदल्या वर्षीचं शेण कुठलं आणि त्याआधीचं कुठलं, काही सांगता आलं नसतं. महाराजांनी मूठभर माती उचलली, हातातलं पान तिच्यात चुरून मिसळलं आणि मूठ तिथंच सोडली.

"इथं खण उद्या."

"हो, महाराज."

"थंडी लवकर धरेल यंदा."

"हो."

सूर्य डोंगराआड गेला होता. खाली नदीकाठ आता काळाच दिसत होता. उद्धवपुरी त्या सोडलेल्या मुठीकडे बघत बसला. पान कुठं गेलं ते त्याला दिसेना.

"महाराज..."

"बोल."

"या मातीत तुमचं काय राहील?"

"बटाटे."

उद्धवपुरीला हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा हुंदका आला. त्याने महाराजांचा गार हात आपल्या छातीशी धरला.

"आणि माझ्यात? माझ्यात तर राहाल ना?"

महाराजांनी हात काढून घेतला नाही.  

"तेच तर, उद्धवा," ते अगदी हळू म्हणाले. "तुझ्यात मी खड्ड्यातल्या त्या पानासारखा आहे रे, जसाच्या तसा."