ओटीवरचा डाग

एका थकल्या दुपारी एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींच्या ओटीवर येऊन टेकला. गुरुजींनी उभी हयात डेटाबेस शिकवण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर ते आता जास्वंदीला पाणी घालत आणि कुणी आले तर ऐकून घेत. शिष्य व्यापाऱ्यांसाठी संगणकाचे प्रोग्राम लिहून पोट भरी. पोट जेमतेमच भरत होते, डोके मात्र काठोकाठ भरले होते.

"गुरुजी, भाषा कोणती निवडू?" पाण्याचा पेला तसाच हातात धरून त्याने विचारले.

झाले होते असे. गावात फरशांचा एक मोठा व्यापारी होता. त्याच्या गोदामाचा प्रोग्राम शिष्याने पूर्वी एका भाषेत लिहून दिला. पुढे विकलेला माल परत येऊ लागला, गिऱ्हाइके भांडू लागली. शिष्याने सारा दोष त्या जुन्या भाषेच्या माथी मारला आणि सगळे नव्या भाषेत पुन्हा लिहिले. तरी माल परत येतच राहिला. आता व्यापाऱ्याने निर्वाणीचे सांगितले होते, "साहेब, उद्या सकाळी येऊन काय करणार ते सांगा. पटलं तर ठीक, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." हा व्यापारी सुटला, तर शिष्याला आपले छोटेसे ऑफिस बंद करून कुठेतरी नोकरी धरावी लागणार होती.

"एक सहकारी जावाशिवाय बोलत नाही, दुसरा पायथनचा भक्त. महिनाभर वाद चाललाय. वेगवान कोण, टिकाऊ कोण, डेटाबेसशी लवकर जुळतं कुणाचं... जीव आंबून गेलाय, गुरुजी. आता कोणतीही चालेल. फक्त कुणीतरी एक नाव सांगा आणि मला झोपू द्या."

गुरुजींनी नाव सांगितले नाही. कोपऱ्यातली बादली आणि फडके त्याच्यापुढे सरकवले. "एवढी ओटी पुसून दे. त्या खांबापाशी डागाळल्यासारखी दिसते."

शिष्याला रागच आला. इथे धंदा बुडायची वेळ आणि म्हाताऱ्याला साफसफाई सुचतेय! पण गुरुजींना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती आणि वाद घालायचे त्राणही उरले नव्हते. तो गुडघ्यांवर बसून पुसू लागला. डाग हलेना.

"साबण घे," गुरुजी म्हणाले. साबणाने गेला नाही. "मग काथ्याने घास." काथ्याने हात सोलवटले, डाग तसाच. गुरुजींनी ब्रशही आणून दिला.

ऊन ओटीवर आले, तेव्हा शिष्य घासता घासता थांबला. "गुरुजी, हा डाग नाहीच. फरशीच वेगळी आहे. नक्षी तीच, पण रंग किंचित गडद."

"आता मागच्या पडवीत जाऊन ये."

तो गेला. तिथली फरशी निराळ्या नक्षीची होती. पण तिच्यातही भिंतीलगत तसाच गडद पट्टा होता. परत येताना त्याची पावले जड झाली. "कुठून घेतलीत?" असे त्याने विचारले खरे, पण उत्तर त्याला आधीच कळले होते.

"तुझ्याच व्यापाऱ्याकडून," गुरुजी म्हणाले. "ओटी केली तेव्हा तुझा पहिला प्रोग्राम होता, पडवी केली तेव्हा दुसरा. दोन्ही वेळा मशीन म्हणालं, या नावाचा माल भरपूर आहे. आणि होताही. पण दर भट्टीला फरशीचा रंग थोडा हलतो, म्हणून खोक्यावर बॅचचा शिक्का मारतात. तुझ्या प्रोग्राममध्ये त्या शिक्क्याला जागाच नाही. मग गोदामातले लोक नाव बघून हाताला येईल ते खोकं गाडीत चढवतात. तू फडकं बदललंस, बाळा, आता ब्रश मागतोयस."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"आलो होतो सांगायला. तू म्हणालास, थांबा गुरुजी, नव्या भाषेत सगळं ठीक होईल."

शिष्य ओल्या फरशीवरच बसून राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त थकवा आला. त्याने हळूच विचारले, "मग भाषा कोणती?"

"तुम्हा सगळ्यांना नीट येते ती. तू तापाने पडलास तर सहकाऱ्याला उघडून दुरुस्त करता येईल, एवढं पाहा. ते ठरवायला एक दुपार पुरली असती. पण भाषेवर बोलायला खुर्चीतून उठावं लागत नाही रे. गोदामात धुळीत उभं राहून बघायचा मात्र कंटाळा येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य दुकानात शिरला. डोळे तांबारलेले, तळहात अजून चुरचुरत होते. व्यापाऱ्याने मान वर न करता विचारले, "मग? कोणती भाषा ठरली या वेळी?"

"ते नंतर सांगतो, शेठ. आधी मला गोदामात न्या. एकाच नावाची दोन खोकी तुम्ही वेगळी कशी ओळखता, ते दाखवा."

व्यापाऱ्याने आता वर पाहिले. मग त्याने खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि खुर्चीतून उठला.

"चला," तो म्हणाला. "इतकी वर्षं दुकानात येताय, गोदाम बघायचं आज पहिल्यांदा म्हणालात."