शिंपल्याखालचा राखणदार

समुद्राकाठी, केवड्याच्या बनापाशी, एका इवल्याशा झोपडीत सुरंगी आपल्या बाबांबरोबर राहायची. आई नव्हती. चुलीवरची पेज आणि दाराशी एक होडी, एवढाच त्यांचा संसार. एका सकाळी समुद्रावर धुकं उतरलं. त्या धुक्यात बाबा होडी घेऊन गेले, ते परतलेच नाहीत. धुकंही जागचं हललं नाही.

शेजारच्या वच्छीकाकू म्हणायच्या, "येतील गं बाय, येतील." पण म्हणताना त्या सुरंगीकडे बघत नसत.

घरातले तांदूळ संपले, तशी एका दुपारी सुरंगी टोपली घेऊन ओहोटीत तिसऱ्या-शिंपल्या वेचायला उतरली. पाणी मागे गेलं, आणखी मागे गेलं, आणि जातच राहिलं. कुणी कधी न पाहिलेले खडक उघडे पडले, आणि त्यांच्या मधोमध चक्क एक बाग! जांभळी जांभळी फुलं, शेंदरी झालरी, पोपटी शेवाळाची मऊ मऊ मखमल. पण सुरंगीचं बोट लागताच फुलं मिटून जात. लाट वाजत नव्हती की पाखरू ओरडत नव्हतं. तिला स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

बागेत एक डबकं होतं. डबक्यात एक पालथा शिंपला, आणि शिंपल्याच्या तोंडाशी एक मासोळा. बोटाएवढा, अगदी वाळूच्या रंगाचा, डोळे पार डोक्यावर. पोटाखालच्या परांची वाटी करून तो तळाला घट्ट चिकटून बसला होता.

"तोही कुणाचा तरी बाबा आहे," कुणीतरी हळूच म्हणालं.

पाण्यावर एक परी उभी होती. मोत्यासारखी फिकट, आरपार दिसणारी. तिच्या पापण्या लवत नव्हत्या, तिची सावली पडत नव्हती.

"भिऊ नकोस, बाळ. ही बाग ज्याला दिसते त्याला एक इच्छा मिळते. एकच. भरती या खडकाला टेकायच्या आत ती मोठ्यानं मागायची. आणि एकदा मागितलेलं बदलता येत नाही."

काय मागायचं ते सुरंगीला ठाऊकच होतं! ती तोंड उघडणार, तोच गुळगुळ आवाज झाला. डबक्याच्या तळाला चीर गेली होती आणि पाणी झरझर आटत होतं.

सुरंगीने चिरेत वाळू भरली, परकराचा बोळा कोंबला. पाणी थांबेना.

"हा पळत का नाही?" ती रडवेली झाली. "शेजारच्या डबक्यात एका उडीत जाईल की!"

"शिंपल्याच्या आत बघ."

तिने वाकून पाहिलं. आत छताला दाण्यादाण्यांची अंडी लटकली होती. प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके. ते डोळे होते, आणि सगळे तिच्याकडेच बघत होते! मासोळा उरल्यासुरल्या पाण्यात आपले पर हलवून त्यांना वारा घालत होता.

"ही अंडी सुकली तर?"

"तर डोळे मिटतील. भरती इथवर पोचेपर्यंतही ती टिकायची नाहीत," परी म्हणाली. "पण तू तुझ्या बाबांना माग ना. बघ, भरती आली."

धुक्यातून पाणी आवाज न करता सरकत येत होतं. मासोळा आता कुशीवर कलंडला होता, तरी त्याचे पर हलतच होते. सुरंगीने डोळे गच्च मिटले. तिला बाबा आठवले, आणि हुंदका आला.

"यांच्या डबक्यात पाणी राहू दे!" ती ओरडली.

चीर मिटली. तळातून नितळ निळं पाणी उसळलं आणि मासोळा टुणकन शिंपल्याशी जाऊन बसला.

परी पहिल्यांदाच हसली. "स्वतःसाठी मागणारे पुष्कळ आले, बाळ. ते अजून इथेच आहेत. तू घरी जा."

एवढं बोलून ती वितळली. तिचा सोनेरी-हिरवा उजेड पाण्याखाली पसरला. त्याची एक वाट किनाऱ्याकडे गेली, दुसरी दूर धुक्यात शिरली. सुरंगी उजेडावर पाय ठेवत पळत सुटली. मागे वळून पाहायचा तिला धीर झाला नाही.

ती वाळूवर पोचली, आणि धुक्यातून एक होडी आली. होडीत बाबा होते. ओठ पांढरेफटक, दाढीवर मीठ.

"समुद्राच्या तळाशी कुणीतरी दिवा घेऊन चाललं होतं," ते पुटपुटले. "मी त्याच्यामागून वल्हवत आलो."

सुरंगी जवळ जाईना. बाबांची सावली पडतेय का, ते तिने आधी नीट पाहिलं. पडत होती. मग तिने भीत भीत त्यांचा हात धरला.

हात ऊन ऊन होता.